राजीनामा नको, रजेचा अर्ज लिहा

बेळगावच्या उद्यमबागेत मी एका फौंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, लॅब सांभाळते. भट्टीतलं पळीभर लोखंड तांब्याच्या साच्यात ओतायचं, निवलेली चकती घासायची, स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पाडायची. मिनिटभरात कार्बन, सिलिकॉनचे आकडे समोर. कार्बनचा आकडा मापात बसला नाही की मी ओरडते, “निल्लस्री!” आणि ओतकाम थांबतं. शिकले मराठी शाळेत, पण भट्टीवर कन्नडच चालतं. नव्या मुलींनो, आधी तेवढं शिकून घ्या. मराठीत ओरडत होते तेव्हा कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं.

पहिल्या बाळंतपणाआधी मी नोकरी सोडली. जा असं कुणीच म्हणालं नाही. साहेब म्हणाले, “आता आराम करा मॅडम, नंतर बघू की.” सासूबाई म्हणाल्या, “पोर जरा मोठं होऊ दे की गं.” दोघं मायेनंच बोलले, म्हणून तर मी फसले. दोन ओळींचा राजीनामा दिला. त्या ‘नंतर’ला तीन वर्षं लागली, आणि आले ती दुसऱ्या कारखान्यात, ज्युनिअर म्हणून, माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या हाताखाली.

दुसऱ्या वेळी रजेचा अर्ज लिहिला, तारखा घालून. नवे साहेब म्हणाले, “26 आठवडे? हे कुठनं आलं?” प्रसूती लाभ कायद्याची प्रत सोबत नेली होती, ती पुढं केली. 2017च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांच्या वेळी एवढी पगारी रजा मिळते. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. अर्जाची पोच मात्र मागून घ्या, तोंडी ‘हो’ला अर्थ नाही.

50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघरही द्यावं लागतं, दिवसात चारदा बाळाकडे जाऊन यायची मुभा धरून. आमच्या शेडमध्ये तेवढी माणसं नाहीत. मग वडगावात आईकडे बाळ, आणि जेवणाच्या सुट्टीत माझी स्कूटर. पावसाळ्यात फार हाल झाले.

ज्यांची नोकरी सुटलीच आहे त्यांनी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना बघावी. ती खंड पडलेल्या बायकांना धरूनच आखलेली आहे. तिच्यात पेटंटच्या कामाचं प्रशिक्षणही असतं, आणि पेटंट शोधायचं काम घरी बसून करता येतं. खानापूर, निपाणीकडच्या एम.एस्सी. झालेल्या मुलींना मी आधी हेच सांगते. भट्टी काय, सगळ्यांनाच मानवत नाही.