पाण्याने फुगलेली लाकडी जमीन घरच्या घरी कशी दुरुस्त करावी

लाकडी जमिनीवर पाणी साचलं की आपण ते पुसतो, पंखा लावतो आणि दोन दिवसांनी जमीन वरून कोरडी दिसली की सुटकेचा श्वास टाकतो. मग आठवड्याभरात फळ्यांच्या कडा वर येतात. ते खडबडीत रूप पाहून सँडिंग मशीन, म्हणजे लाकूड घासून सपाट करणारं यंत्र, आणायची घाई होते आणि वाचण्यासारखी जमीन बहुतेक वेळा इथेच वाया जाते. म्हणून आधी एवढं पक्कं करा: लाकूड आतून वाळेपर्यंत त्याला घासायचं नाही.

याचं कारण असं. लाकूड ओलं झालं की लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत मात्र फुगतं. वरच्या बाजूला पॉलिश असतं आणि पाणी फटींतून खाली उतरतं, त्यामुळे फळीचा तळ जास्त फुगतो. मग कडा उचलल्या जातात आणि मधला भाग खोलगट दिसतो. अशा अवस्थेत कडा घासून सपाट केल्या, तर पुढे तळ वाळून आकसतो, कडा खाली जातात आणि प्रत्येक फळी मधोमध उंच राहते. थांबलं, तर थोड्या उचललेल्या फळ्या पुष्कळदा आपल्याआपण बसतात.

सुरुवात पाण्याच्या मुळापासून करा. गळका नळ, पाइप किंवा छत आधी बंद करा आणि ओल्या भागाचा वीजपुरवठा मेन स्विचवरून तोडा. पाणी सांडपाण्याचं असेल तर हे काम स्वतः करू नका. स्वच्छ पाणी असेल तर ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने फटींवरून हळूहळू फिरवत ते ओढून घ्या. फडक्याने फटीतलं पाणी निघत नाही. गालिचे आणि सामान लगेच हलवा, कारण ओल तशीच राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. भिंतीकडेची स्कर्टिंगची पट्टीही काढा, म्हणजे फळ्यांच्या टोकांना हवा लागेल.

आता वाळवणं. पंखे जमिनीलगत, आडवा झोत जाईल असे ठेवा आणि खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) चालवा. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा कोरडी असेल तरच खिडक्या उघडा. हीटरचा झोत थेट लाकडावर सोडू नका, पृष्ठभाग झटकन वाळून तडे जातात. खाली तळघर किंवा मोकळी जागा असेल तर तिथेही पंखा हवाच. या कामाला कित्येकदा आठवडे लागतात.

जमीन वाळली हे डोळ्यांनी ठरवू नका. लाकडाची ओल मोजणारा मीटर मिळाला तर त्याच खोलीतल्या न भिजलेल्या कोपऱ्यात आधी आकडा घ्या आणि भिजलेली जागा त्याच्या एक-दोन टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबा. हवा कोरडी राखलेल्या घरांत हा आकडा साधारण ६ ते ९ टक्के असतो, दमट हवेत त्याहून जास्त. मीटर नसेल तर लोखंडी पट्टी फळीवर आडवी ठेवा, मधल्या खोलगटात किती फट राहते ते मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. दर तीन-चार दिवसांनी त्याच फळीवर, त्याच जागी मोजा. आठवडा-दोन आठवडे आकडा हलला नाही की ती फळी स्थिरावली, असा अंदाज बांधता येतो.

जमीन कशाची आहे हेही पाहून घ्या. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्याचा असतो. तो फुगला की परत बसत नाही, तेवढ्या फळ्या बदलाव्याच लागतात. वर अस्सल लाकडाचा थर आणि खाली प्लाय अशी जमीन असेल तर तो थर किती जाड आहे हे बघितल्याशिवाय मशीन लावू नका. पातळ थर एका घासणीत संपतो.

डागांबद्दल थोडं सविस्तर सांगते. पांढरट डाग म्हणजे बहुधा पॉलिशमध्येच अडकलेली ओल. तो बऱ्याचदा आपोआप फिका होतो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो. ओकसारख्या लाकडातल्या टॅनिन या नैसर्गिक तुरट द्रव्याशी पाण्यातलं किंवा खिळ्यांतलं लोह मिसळून तो तयार होतो, आणि त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचा चांगला उपयोग होतो. पॉलिश काढून लाकूड उघडं करा. प्लास्टिकच्या भांड्यात कोमट पाण्यात या आम्लाची पूड विरघळेल तितकी विरघळवा, ब्रशने फक्त डागावर न लावता अख्ख्या फळीवर लावा आणि वाळू द्या. मग स्वच्छ पाण्याने पुसा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि पुन्हा साध्या पाण्याने पुसा. हातमोजे आणि चष्मा हवेतच, ब्लीचमध्ये हे कधीच मिसळू नका आणि उरलेले स्फटिक पुसून काढल्याशिवाय घासू नका. ती धूळ श्वासाला घातक असते.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर मऊपणे आत गेलं तर ती फळी कुजली. फळीच्या मधोमध, तिच्या जाडीएवढाच खोल जाईल असा बेतलेला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत) चालवून दोन समांतर चिरा पाडा, मधली पट्टी पटाशीने उचला आणि मग उरलेल्या कडा शेजारच्या फळ्यांत जिथे अडकलेल्या असतात त्या खाचेतून सोडवा. खालचा तळही ओला किंवा कुजका नाही ना, हे आताच तपासा. नवी फळी आठवडाभर त्याच खोलीत ठेवलेली असावी. तिच्या कडेला असलेल्या खाचेचा खालचा ओठ कापा, म्हणजे ती वरून बसवता येते. सरस लावून वजन ठेवा. भिंतीकडेची फळी असेल तर १० ते १२ मिलिमीटर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही फट नसली की फुगलेल्या फळ्या भिंतीला अडून तळापासून सुटतात.

शेवटी घासणी. ६० नंबरच्या सँडपेपरने सुरुवात करून ८०, मग १०० किंवा १२० वर या, शक्य तितकं लाकडाच्या रेषांच्या दिशेने. तोंडाला मास्क लावा. धूळ पूर्ण टिपल्यावर पॉलियुरेथेन पॉलिशचे दोन-तीन हात द्या आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. तेलकट पॉलिश वापरलं तर त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या स्वतःहून पेटू शकतात. त्या बाहेर, एकेक पसरून वाळवा. पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आणखी दिवस लागतात, म्हणून गालिचे दोन ते चार आठवडे घालू नका आणि कपाटं ओढत न नेता उचलून ठेवा.