जुनी दुनळी उघडताना आतल्या खुणा जपा

नाशिकच्या एखाद्या जुन्या वाड्यातून वारशाने, रीतसर परवान्यासह आलेली विलायती दुनळी बंदूक परवानाधारक कारागिराकडे दुरुस्तीला देताना, पॉलिश पेपर लावण्यापूर्वी प्रत्येक भाग आतून नीट पाहण्यास त्याला आवर्जून सांगावे. दस्त्याच्या टोकाची पट्टी काढल्यावर आतल्या कोऱ्या लाकडावर कधीकधी पेन्सिलीने लिहिलेले नाव किंवा तारीख सापडते. नळ्या उतरवल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर, लंडन किंवा बर्मिंगहॅममध्ये नळीची मजबुती तपासून मारलेल्या चाचणीच्या शिक्क्यांशेजारी, घडवणाऱ्या कारागिराची इवलीशी आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. बाहेर नाव कोरलेले असते ते पेढीचे. ज्याने कानशीने ती नळी घासली त्याची खूण बहुधा एवढीच उरते, म्हणून माझ्या मते ती बाहेरच्या नक्षीहून मोलाची आहे. पेन्सिलीच्या अक्षरांना तेल, पाणी वा स्पिरिट लावू नये. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, दिवा बाजूने तिरपा धरावा, म्हणजे पुसट रेघाही उठून दिसतात, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. बंदुकीवरचा क्रमांक मात्र गंज काढण्याच्या निमित्तानेही घासू देऊ नये, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे.