जोडीदार आणि लहान मुलांना ब्रिटनमध्ये कायमचं बोलवायचंय? व्हिसाची तयारी अशी करा

कुटुंबाला ब्रिटनला न्यायचं ठरलं की घरात आधी तिकिटांची आणि बॅगांची चर्चा सुरू होते. अर्जाचा निकाल मात्र बराचसा ठरतो तो स्पॉन्सरच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जोडीदाराच्या, मागच्या सहा महिन्यांच्या पगारावर. म्हणून जायच्या तारखेपासून उलटं मोजत यावं आणि निदान आठ-नऊ महिने हाताशी धरावेत.

आधी बघा: हाच व्हिसा लागतो का?

हा फॅमिली व्हिसाचा मार्ग मुख्यतः ब्रिटिश नागरिकांच्या आणि आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी, मिळालेल्यांच्या कुटुंबासाठी आहे. तुम्ही स्वतः स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर कुटुंब डिपेंडंट म्हणून येतं. त्याचे नियम आणि खर्च वेगळे, खालचे आकडे तिथे लावू नका.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट बरेच जण तपासतच नाहीत. मुलाचा जन्म झाला तेव्हा आईने किंवा वडिलांनी अर्ज करून ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असेल, तर भारतात जन्मलेलं ते मूलही साधारणपणे जन्मतःच ब्रिटिश असतं. त्याच्यासाठी व्हिसा मागायचाच नसतो, ब्रिटिश पासपोर्ट काढायचा असतो. हजारो पौंड वाचतात. (भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तेव्हा अशा मुलाचा भारतीय पासपोर्ट आधीच काढलेला असेल तर त्याचाही निकाल लावावा लागतो.) तुमच्याकडे फक्त आयएलआर असताना भारतात जन्मलेल्या मुलाला मात्र व्हिसा लागणार.

आणि ‘आधी टूरिस्ट व्हिसावर आणू, मग तिथेच बदलून घेऊ’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. व्हिजिट व्हिसावरून या व्हिसावर बदली मिळत नाही. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो.

पगाराचे सहा महिने

11 एप्रिल 2024 पासून नवीन अर्जांसाठी किमान उत्पन्नाची अट वर्षाला 29,000 पौंड आहे. त्याआधी ती 18,600 होती आणि प्रत्येक मुलामागे वाढत जायची. आता मुलं एक असो वा तीन, आकडा तोच. जोडीदार भारतात कितीही कमावत असला तरी पहिल्या अर्जात तो पगार धरत नाहीत.

एकाच ठिकाणी सहा महिने किंवा जास्त नोकरी असेल तर मार्ग सोपा. सहा महिन्यांच्या पे-स्लिप, तोच पगार जमा झाल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र एवढं लागतं. पत्रात हुद्दा, वार्षिक पगार, नोकरी कधीपासून, हा पगार कधीपासून आणि नोकरी कायम की कंत्राटी, हे सगळं यायला हवं. एचआरकडून येणाऱ्या ठरावीक दोन ओळींच्या पत्रात यातलं निम्मं नसतं, म्हणून मुद्दे लिहूनच पाठवा. पे-स्लिपवरची हातात येणारी रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. शेवटची कागदपत्रं अर्जाच्या तारखेआधी 28 दिवसांहून जुनी नकोत, आणि अर्जाची तारीख म्हणजे फी भरल्याची तारीख.

इथे एक खड्डा आहे. ठरलेला मासिक पगार असणाऱ्यांच्या बाबतीत त्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी पगार धरून वर्षाचा हिशेब होतो. 29,000 म्हणजे महिन्याला साधारण 2,417 पौंड. आता समजा तुमचा पगार काठावरचा आहे आणि मुलांना भेटायला तीन आठवडे बिनपगारी रजा काढून भारतात गेलात. त्या महिन्याची पे-स्लिप खाली येते आणि हिशेब बिघडतो. म्हणजे ज्यांच्यासाठी रजा काढली त्यांचाच अर्ज लांबतो. पगार काठावर असेल तर ते सहा महिने बिनपगारी रजा टाळाच, किंवा तो महिना मागे पडेपर्यंत थांबा.

नोकरी नुकतीच बदलली असेल, किंवा पगार कमी-जास्त होत असेल, तर बारा महिन्यांचा हिशेब द्यावा लागू शकतो. स्वतःचा धंदा असेल तर पूर्ण आर्थिक वर्षाचा. निव्वळ बचतीवर अर्ज करायचा तर 88,500 पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात. स्पॉन्सरला पीआयपी (आजार-अपंगत्वासाठीचा भत्ता) किंवा केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला मिळणारा) असे काही सरकारी भत्ते मिळत असतील तर 29,000 ची अट लागत नाही, वेगळी मोजणी होते.

नावं जुळवून घ्या

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांची खरी डोकेदुखी ही. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधीकधी पहिलं नावही. मग पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नुसतं पहिलं नाव आणि पदवीवर तिसरंच काही. हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपली पद्धत ठाऊक असेलच असं धरून चालू नका. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव, स्पेलिंग, जन्मतारीख ओळीने ताडून बघा. दुरुस्त होण्यासारखं असेल ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधीच दुरुस्त करून घ्या. उरलेल्या फरकांचा खुलासा एका साध्या पत्रात द्या, राजपत्रात नाव बदललं असेल तर ती प्रत जोडा.

लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर आधी ती करा. लग्नपत्रिका आणि अल्बम म्हणजे दाखला नव्हे. नातं खरं आहे हे दाखवायला मात्र फोटो, एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटं, पाठवलेले पैसे, फोन-चॅटची नोंद उपयोगी पडते. ढीग नको, सगळ्या वर्षांतून थोडं थोडं निवडा. फक्त मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर लागतं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा.

मूल फक्त तुमचं किंवा फक्त जोडीदाराचं असेल, पहिल्या लग्नातलं, तर ताबा आणि दुसऱ्या पालकाची संमती हा स्वतंत्र विषय होतो. तिथे वकील करा.

घर किती मोठं हवं?

वाटतं तितकं नाही. गर्दीचा हिशेब ठरलेला आहे: झोपण्या-बसण्याच्या खोल्या मोजतात, वर्षाच्या आतलं बाळ धरत नाहीत, एक ते दहाच्या आतलं मूल अर्धं धरतात. दोन खोल्यांत तीन माणसं चालतात. म्हणजे नवरा, बायको, चार आणि सात वर्षांची मुलं मिळून तीन झाले. एक बेडरूम आणि हॉलचं घर कायद्याने पुरतं. भाड्याचा करार आणि कुटुंब राहू शकतं असं घरमालकाचं पत्र जोडा.

इंग्रजी आणि टीबी

जोडीदाराला ए-वन, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते, तीही या व्हिसासाठी मान्य केंद्रातच. इंग्रजीत घेतलेली पदवी असेल तर एक्टिस या परदेशी पदव्या ताडून देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन परीक्षा टळते. लहान मुलांना ही अट नाही.

भारतातून येणाऱ्यांना मान्यताप्राप्त क्लिनिकमधली टीबी तपासणी लागते. 11 वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण क्लिनिकमध्ये न्यावं लागतं. प्रमाणपत्र सहाच महिने चालतं, म्हणून हे काम शेवटाकडे ठेवा.

अर्ज आणि खर्च

प्रत्येकाचा अर्ज वेगळा, मुलांचाही. 2025 च्या दराने माणशी फी 1,938 पौंड. शिवाय एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार आधीच भरायचा, पूर्ण मुदतीचा: प्रौढाचा 3,105, मुलाचा 2,328. जोडीदार आणि दोन मुलं मिळून 13,575 पौंड होतात. दर बदलत राहतात, भरण्याआधी गव्ह डॉट यूके या ब्रिटिश सरकारच्या साइटवर बघा. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही.

कागद ऑनलाइन चढवून व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या मुंबई, पुणे वगैरे केंद्रांत बायोमेट्रिकला जायचं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात, पण त्यांना घेऊन जावंच लागतं. ‘शंभर टक्के व्हिसा’ म्हणणाऱ्या एजंटकडे फिरकू नका. ब्रिटनमधला सल्लागार इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला किंवा अधिकृत वकील आहे का, ते पाहा. नकार आलाच तर अर्जदार परदेशात असताना अपिलाला 28 दिवस असतात, पण चूक एखाद्या कागदाची असेल तर तो कागद जोडून नवा अर्ज करणं बऱ्याचदा बरं पडतं.

पोहोचल्यावर

व्हिसा 33 महिन्यांचा मिळतो. आता कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो. प्रत्येक मुलाचंही ऑनलाइन खातं उघडा आणि पासपोर्ट बदलला की त्यात लगेच नोंदवा. लहान मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, हे विसरायला होतं. सरकारी भत्ते जोडीदाराला घेता येत नाहीत, पण सरकारी शाळा आणि एनएचएस त्यात मोडत नाहीत. शाळेसाठी घराच्या भागातल्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, अर्ज करायचा. इंग्लंडमध्ये चार वर्षं पूर्ण झालेली मुलं त्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या, वर्गात जातात. मुदत संपायच्या आत अर्ज करून आणखी 30 महिने वाढवून घ्यावे लागतात. त्या वेळी इंग्रजीची पातळी ए-टू लागते आणि तेव्हा जोडीदाराचा ब्रिटनमधला पगारही तुमच्या पगारात मिळवता येतो.