गुप्तहेर नेमण्याआधी
घरफोडी, खंडणी, अपहरण असेल तर थेट पोलीस ठाणं गाठा. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा हद्दीबाहेर घडला तरी बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३खाली तक्रार घ्यावीच लागते. झडती घेणं, मोबाइल कंपनीकडून सीडीआर (कुणाला, कधी कॉल केले याची नोंद) मागवणं हे खासगी गुप्तहेराचं काम नाही. ‘सीडीआर काढून देतो’ म्हणाला, की उठा. त्याच्यासोबत तुम्हीही अडकाल.

लग्नाआधीची चौकशी, उमेदवाराच्या जुन्या नोकरीची खातरजमा याला मात्र तो बरा. त्याला परवाना देणारा केंद्रीय कायदा नाही (२००७चं विधेयक राज्यसभेतच अडकलं), म्हणून दिवस, दर, आगाऊ रक्कम करारात लिहून घ्या. फोटो-व्हिडिओ मूळ फाइलमध्येच, पेनड्राइव्हवर मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कॉम्प्रेस होतो, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) बदलते आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, डिजिटल पुराव्यासोबत जोडायचं प्रमाणपत्र कोर्टात लंगडं पडतं.