निवासी केअरमध्ये रुजू होताना

रुग्णालयातून निवासी केअरमध्ये (दीर्घ आजारी किंवा अपंग माणसं कायम राहतात अशा केंद्रात) कामाला येणाऱ्यांना सुरुवातीला इथलं काम संथ वाटतं. पण इथे राहणाऱ्या बहुतेकांचं हेच घर असतं. एकाच माणसाला वर्षानुवर्षं सांभाळायचं, त्यामुळे सगळ्यांना एकच वेळापत्रक लावलं की काम बिघडतं.

पार्किन्सन घ्या. लेव्होडोपाची (पार्किन्सनच्या मुख्य औषधाची) वेळ आठची असेल तर आठलाच द्या. औषधांची ट्रॉली सगळ्या खोल्या फिरून उशिरा पोचली, तर तोवर माणूस जखडलेला असतो. त्याला उठता येत नाही, गिळणंही अवघड जातं. शिवाय प्रथिनांमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते केअर प्लॅनमध्ये (त्या माणसाच्या देखभालीच्या लेखी आराखड्यात) बघा. हंटिंग्टनच्या (मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाची अडचण वेगळीच. त्याचं अंग सतत हलत असतं, वजन उतरत जातं. त्याला जास्त उष्मांकांचं खाणं लागतं, तेही सावकाश, कारण ठसका लागतो.

मणक्याला छातीच्या मध्यापासून वर इजा असलेल्याचं डोकं अचानक ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर वेदनाशामक शोधत बसू नका. रक्तदाब धोकादायक वेगाने चढत असू शकतो. त्याला लगेच ताठ बसवा, नर्सला हाक मारा, कपडे सैल करा, कॅथेटरच्या (लघवीसाठी बसवलेल्या) नळीला पीळ पडलाय का बघा. बरेचदा तुंबलेली लघवी हेच कारण निघतं, नाहीतर बद्धकोष्ठता.

स्वतः हलता न येणाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलायची असं शिकवतात. माझ्या मते तो फक्त सुरुवातीचा आकडा. पुढे त्या माणसाची त्वचा आणि गादी बघून ठरवतात. सावळ्या कातडीवर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) लाली सहज दिसत नाही (प्रशिक्षणातले फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे!). माकडहाड, टाचा हाताने तपासा: जागा गरम लागते का, कडक झाली आहे का?

बोलता न येणाऱ्याची हो-नाहीची खूण पहिल्याच दिवशी शिकून घ्या. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. खूण कळेनाशी झाली तर घरच्यांना विचारा.

हँडओव्हरमध्ये (पुढच्या शिफ्टसाठीच्या नोंदीत) ‘ठीक आहे’ लिहू नका. ‘रोज अर्धा तास खुर्चीत बसतो, आज दहा मिनिटांतच झोपायला मागितलं’ असं लिहिलंत, तर पुढच्या शिफ्टला तापमान घ्यायचं सुचेल.