मित्राचे गणित स्वतः न सोडवता त्याला मदत कशी करावी

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतला सहाध्यायी अडलेले उदाहरण घेऊन आला, तर ते उत्तरापर्यंत सोडवून देण्याचा मोह आवरावा आणि प्रथम त्याने स्वतः केलेली मांडणी, ती चुकलेली असली तरी, पाहायला मागावी. चूक नेमकी कुठे आहे, हे तिथेच कळते.

समजा, ४५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने सरळ वर फेकला आहे, गुरुत्वत्वरण १० धरले आहे आणि तो जमिनीवर पडायला लागणारा वेळ काढायचा आहे. मित्राने वरची दिशा धन मानूनही विस्थापन +४५ घेतले, तर त्याला सुमारे १.३५ आणि ६.६५ सेकंद अशी दोन उत्तरे मिळतील. ‘चिन्ह चुकले’ एवढेच सांगून थांबू नये. या दोन क्षणी चेंडू कुठे असेल, असे विचारून त्याला आकृती काढायला लावावी. तो जाताना आणि येताना गच्चीच्या वर ४५ मीटरवर आहे, हे दिसले की जमिनीसाठी −४५ का घ्यावे, हे तो स्वतःच सांगतो. मग ९ आणि −१ ही उत्तरे येतात, त्यांपैकी −१ का नाकारायचे, हेही त्यालाच विचारावे.



दुसऱ्या दिवशी उंची १०० मीटर करून तेच उदाहरण वही मिटून सोडवायला द्यावे. उत्तर १० सेकंद आले पाहिजे.