वारीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो : या चुका टाळा

दर आषाढात तेच बघतो. रंगीत फोटो फसला की त्यातला रंग काढायचा, वर फिल्मसारखे दाणे भुरभुरायचे आणि ‘वारीतले चेहरे’ म्हणून टाकून द्यायचा. मूळ उजेड सपाट असेल तर रंग काढल्यावरही तो सपाटच राहतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो कुंकवासाठी. ही चूक मी स्वतः केली आहे. लोणंदहून तरडगावला जाताना डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींचा फोटो काढला होता. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. चेहरा जरा काळवंडला होता, म्हणून घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल रंगाचा स्लायडर वर ढकलला. चेहरा उजळला, मी खूश. पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन त्याच दिंडीत गेलो. आजींनी फोटो डोळ्यांजवळ धरला, शेजारी बसलेल्या आजोबांकडे पाहिलं आणि विचारलं, “माउली, माझं कुंकू कुठं गेलं?” धनी शेजारी बसलेला असताना त्या बाईच्या हातात मी रिकाम्या कपाळाचा फोटो दिला होता. मला मान वर करवेना.

लाल रंग करड्यात किती गडद उतरेल हे आपण ठरवत असतो. सॉफ्टवेअरमध्ये लाल उजळला किंवा फिल्मवर लाल फिल्टर लावला की लाल वस्तू फिकट होते. कुंकू कातडीत मिसळून जातं, लाल पागोटं पांढरट दिसतं. चेहरा उजळायचा तर नारिंगी थोडा वाढवा, कातडीचा रंग बहुतेक तिथेच असतो. लाल उलट जरा खाली आणा. फिल्मवाल्यांनी लाल फिल्टर घरीच ठेवावा. तो जवळजवळ 3 स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा होतो), पिवळा साधारण 1, आणि आषाढातल्या ढगाळ दिवशी तेवढा उजेड असतो कुठे? तयार प्रीसेट, म्हणजे एका क्लिकमध्ये लागणारी दुसऱ्याची सेटिंग, मी वापरत नाही. तो बनवणाऱ्याने तुमच्या फोटोतलं कपाळ पाहिलेलं नसतं.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर आंधळा विश्वास ही दुसरी चूक. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. फ्रेमभर पांढरी धोतरं आणि टोप्या आल्या की तो एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करतो आणि सावळे चेहरे बुडतात. मग नवखे घाईने एक्सपोजर चढवतात आणि टोपीचा कोरा कागद होतो. मी चेहऱ्यावर मोजतो, मग धोतराच्या चुण्या दिसेपर्यंत खाली येतो, आणि रॉ फाइलच काढतो, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. भर उन्हात तर कॅमेरा पिशवीतच असतो. दुपारी विसाव्याला माणसं झाडाखाली टेकतात, तेव्हा सावलीतला मऊ उजेड आपोआप मिळतो. त्यासाठी तासभर त्यांच्यात बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. दहा मिनिटांत फोटो हवा असेल त्याने वारीला येऊ नये.

जेजुरीचा भंडारा ढगाळ आभाळासमोर टिपू नका, करड्यात करडं हरवतं. मागे काळा दगड घ्या. सुरकुत्या खोल दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरमधला क्लॅरिटीचा स्लायडर ताणू नका. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात धावणाऱ्या अश्वाच्या वाटेत घुसू नका. नदीवर अंघोळ करणाऱ्या बायकांवर झूम लेन्स रोखू नका, कधीच.

प्लास्टिकचा कागद पांघरलेले वारकरी फ्रेमबाहेर ठेवू नका. पावसात लोक तोच कागद पांघरतात. जुनं दिसावं म्हणून तो टाळला, तर फोटो आजच्या वारीचा राहत नाही.

आणि वहीत दिंडी लिहून ठेवा : पालखीच्या रथापुढची की रथामागची, क्रमांक किती, गाव कोणतं. माणसं सहसा वर्षानुवर्षं त्याच दिंडीत चालतात, त्यामुळे प्रिंट पोचवता येते. आजींचा फोटो मी घरी येऊन नव्याने छापला आणि त्याच वारीत वाखरीच्या तळावर नेऊन दिला. त्यांनी आधी फोटोतल्या कपाळावर बोट ठेवून पाहिलं, मग तो आजोबांच्या हातात दिला.